कांदेनवमीचं उरलेलं

“देशी आहे ना तुमची, तिले काय होते!”

हे वाक्य कानावर पडलं की आजही माझं डोकं फिरतं. नवरा म्हणतो, तुझं डोकं फिरायला निमित्त लागत नाही. तेही खरं आहे. मी मुळातच भांडखोर. शाळेत मुलं मला टरकून असतात आणि भाजीवाला मला पाहिलं की काटा दोनदा तपासतो. पण या वाक्याचा राग वेगळा आहे. वाईट माणसाला चार शब्द सुनावून मोकळं होता येतं. हे वाक्य बोलणारी माणसं मात्र हातात वाटी घेऊन, मायेनं, फाटकाशी उभी असतात. त्यांच्याशी भांडावं कसं, हे मला अजूनही नीट जमलेलं नाही.

आमची गल्ली अमरावतीच्या राजापेठेतली. तोंडाशीच ट्यूशन क्लास, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ पोरापोरींच्या गाड्या अशा लावलेल्या असतात की घरात शिरताना पोट आत घ्यावं लागतं. आत मात्र मोजकीच घरं, आणि ती एकमेकांच्या स्वयंपाकघरात नाक खुपसूनच जगतात. कोणाला काय चालत नाही हे इथे सगळ्यांना तोंडपाठ. कोपऱ्यावरच्या काकांना मीठ कमी. त्यांच्या सुनेला वांग्यानं अंगाला खाज सुटते. शेजारच्या भाडेकरूंच्या घरी शनिवार कडक, त्यांना फक्त सैंधव. आमच्या समोरच्या वहिनी चातुर्मास पाळतात, म्हणजे आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं घराच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. या घरातून त्या घरात ताटली गेली तर ती झाकून जाते आणि तिच्यासोबत निरोपही जातो, की यात अमुक नाही, निर्धास्त खा. इतक्या वर्षांत या कामात कोणाची चूक झालेली मी पाहिली नाही.

आणि याच गल्लीला एका कुत्रीचं पथ्य लक्षात ठेवता आलं नाही.

‘कुत्री’ या शब्दाची आपण शिवी करून ठेवली आहे, म्हणून माझे बाबा तिला कधी कुत्री म्हणाले नाहीत. ते तिला ‘बाई’ म्हणतात. नाव नाही, नुसती हाक. “काहून वो बाई, जेवाचं नाई काय?” माझ्या आईशीही ते असंच बोलत. आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ही तांबूस रंगाची, एका कानाला कातरा पडलेली बाई अकोल्याच्या आमच्या घराच्या फाटकाशी येऊन बसली, ती उठलीच नाही. मागच्या बाजूला कापसाच्या जुन्या जिनिंगचं आवार होतं, तिथली असावी. बाबा एकटे राहत होते. मी रोज फोन करायची आणि रोज तीच उत्तरं मिळायची, जेवलो, झोपलो, बरं आहे. ती आली आणि बाबांच्या फोनला विषय मिळाला. आज तिनं चप्पल पळवली, आज तिनं दूधवाल्याला वाट दिली नाही, आज ती रुसली. माणूस पुन्हा बोलू लागला, एवढं मला पुरे होतं.

अकोल्याच्या घरी कुत्र्याला घालायची आईची एक रीत होती. पोळ्या संपत आल्या की उरल्या कणकेची ती एक इवलीशी चानकी करायची. ती कुत्र्याची. तिला तेल नाही, मीठ नाही, भाजी लावायची नाही. मला लहानपणी वाटायचं, आई कंजूष आहे, जरा वरण लावलं तर काय बिघडेल? आता कळतं की तो कुत्र्याचा वाटा होता. स्वयंपाक चालू असतानाच वेगळा काढलेला. जेवणं झाल्यावर पातेल्याच्या बुडाशी जे राहतं, ते देणं वेगळं. त्याला आपण ‘दिलं’ म्हणतो, पण ती आपली सोय असते. पातेलं घासायला टाकता येतं आणि वर पुण्यही लागतं.

तर बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ते अमरावतीला करायचं ठरलं. बाबांनी अट घातली, बाई येईल तर मी येईन. एप्रिलचं अकोल्याचं ऊन म्हणजे तव्यावर पाय ठेवण्यासारखं; पहाटेच गाडी काढली. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तर टपरीवाल्यानं लगेच चॉकलेटचं बिस्किट तिच्यापुढे धरलं. बाबांनी ते घेऊन स्वतःच्या खिशात टाकलं. “तिले चालत नाई,” ते म्हणाले. टपरीवाला हसला. “देशीले सगळं चालते, बाबा.” तेव्हा मी हे वाक्य ऐकलं, आणि सोडून दिलं.

बाबांना हे माहीत होतं कारण अकोल्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी लस टोचताना त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. मीही त्या दिवशी तिथेच होते. कांदा आणि लसूण, कच्चा असो, शिजवलेला असो, वाळवून पूड केलेला असो, अजिबात नाही. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या पेशी फुटतात, आणि ते लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी दिसतं. चॉकलेट नाही. चहा-कॉफी नाही. शिजवलेली हाडं नाहीत, त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात. द्राक्षं नाहीत आणि किसमिस तर नाहीच, त्यानं मूत्रपिंडं बंद पडतात.

“किसमिस?” बाबांना पटेना. “एवढीशी किसमिस?”

“एवढीशीच,” डॉक्टर म्हणाले. “कोणाला किती लागेल ते आम्हालाही सांगता येत नाही. म्हणून एकही नको.”

मग त्यांनी बाबांच्या खिशातून डोकावणाऱ्या पुडीकडे बोट दाखवलं. बाबांना मधुमेह आहे, तोंड गोड करायला ते बिनसाखरेच्या गोळ्या बाळगतात. तसल्या काही गोळ्यांत एक असा गोडवा घालतात की तो माणसाला चालतो आणि कुत्र्याला मारतो. बाबांनी ती पुडी तिथल्या तिथे कचऱ्याच्या डब्यात टाकली. पुन्हा कधी खिशात ठेवली नाही. याला म्हणतात ऐकणं.

ऑपरेशन नीट झालं. पुढचं काम बाबांचं होतं, चालायचं. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं स्पष्ट सांगितलं होतं की रोज चाललं नाही तर गुडघा आखडेल आणि मग केलेलं सगळं पाण्यात. पण बाबा आमच्यापैकी कोणासाठी उठत नसत. मी रागावले, नवऱ्यानं लाडीगोडी लावली, माझ्या लेकीनं पुण्याहून व्हिडिओ कॉल केला. बाबा म्हणायचे, “दुखून राह्यलं, उद्या पाहू.” मग बाई यायची, पट्टा तोंडात धरून उभी राहायची आणि एकदा, फक्त एकदा, भुंकायची. बाबा काठी शोधायला लागायचे. आधी फाटकापर्यंत, मग क्लासपर्यंत, मग मोठ्या रस्त्यापर्यंत. एक म्हातारा आणि एक कानतुटकी बाई, दोघंही लंगडत. तिला लंगडायचं काही कारण नव्हतं, ती त्याच्या चालीनं चालायची. गल्लीनं हे पाहिलं आणि गल्ली तिच्या प्रेमात पडली.

तिथूनच वाट्या सुरू झाल्या.

मी घरोघरी जाऊन सांगितलं. अगदी हात जोडून, माझ्या स्वभावाला न शोभेल इतक्या गोडीनं. म्हटलं, साधी पोळी द्या, भात द्या, पण कांदा-लसणाचं काही नको, गोड नको, किसमिस नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. समोरच्या वहिनी हसत म्हणाल्या, “मंग आता कुत्र्यालेबी चातुर्मास काय?” सगळे हसले, मीही हसले. वहिनी मनाच्या मोठ्या आहेत. ऑपरेशनच्या दिवशी आमच्या घरचा डबा त्यांनीच केला होता, बाबांचा बिनसाखरेचा, माझा बिनतिखटाचा, न विचारता.

त्यांच्याकडे कुत्रा आहे, लॅब्राडोर. मुलानं हौसेनं आणला, मग मुलगा नोकरीला लांब गेला आणि कुत्रा आईच्या गळ्यात पडला. वहिनी त्याचं नातवासारखं करतात. त्याचं खाणं पोत्यातून येतं, त्याला वेगळं भांडं, वेगळी गादी, आणि उन्हाळ्यात त्याच्यासाठी कूलर. ते पाहून मला बरंच वाटायचं. कुत्र्याचं कळतं अशी एक तरी बाई गल्लीत आहे, असं वाटायचं.

मग आली कांदेनवमी. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आषाढी एकादशीच्या आधीची नवमी ती कांदेनवमी. चार महिने कांदा सोडायचा, म्हणून त्याआधी मन भरून खायचा आणि घरातला संपवायचा. त्या दिवशी आमच्या गल्लीत श्वास घेतला तरी कांदाच जातो. कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांदा घालून झुणका, भरीत, ठेच्यात कांदा, कोशिंबिरीत कांदा. एकमेकांकडे ताटं जातात, पोरं या घरातून त्या घरात भजी खात हिंडतात. मला हा दिवस आवडायचा. आवडायचा, असंच म्हणते आता.

कांदेनवमीची गोम खाण्यात नाही, उरण्यात आहे. मन भरून खायचं म्हणून सगळे हात सैल सोडून करतात, आणि उरतं. उरलेलं घरात ठेवायचं नाही, कारण एकादशी लागली की ते घरात नको. टाकायचं नाही, कारण अन्न आहे. मग करायचं काय? गल्लीच्या टोकाशी गाय येते, पण तिखट-तेलाचं गाईला घालत नाहीत, तेवढं मात्र सगळ्यांना कळतं. राहिली कोण? आमच्या फाटकाशी बसलेली.

मी शाळेत होते. नवरा बँकेत. बाबा जेवून झोपले होते. मला हे सगळं नंतर कळलं.

दशमीच्या संध्याकाळी तिला उलटी झाली. बाबा म्हणाले, हवा बदलली म्हणून असेल. एकादशीला तिनं पट्टा उचलला नाही, खाल्लं नाही, दाराशी कुशीवर पडून राहिली. शेजारचे भाडेकरू साबुदाण्याची उसळ द्यायला आले आणि तिला पाहून म्हणाले, “अरे वा, तिनंबी एकादशी धरली!” पुन्हा सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते तिच्यापाशी खाली फरशीवर बसले, त्या नव्या गुडघ्यानं, आणि त्यांना उठवायला दोघं लागले.

द्वादशीला सकाळी ती अंगणात लघवीला गेली. उकळलेल्या चहासारखा रंग होता. मी तिचा ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढऱ्या, कागदासारख्या. श्वास भराभर. मी शाळेत फोन केला, येत नाही म्हणून सांगितलं आणि तिला उचलून गाडीत घातलं. बाबा आधीच मागच्या सीटवर बसले होते, चप्पल न घालता.

डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या, रक्त काढलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “कांदा कुठे खाल्ला हिनं?”

“कुठेच नाही,” मी म्हटलं. “आमच्या घरी नाहीच देत.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “परवा-तेरवा कांदेनवमी झाली ना?”

बाबांनी डोळे मिटून घेतले. डॉक्टर म्हणाले, पेशी फुटताहेत, सलाइन लावतो, औषध देतो, पण फुटलेलं भरून यायला वेळ लागतो आणि तो वेळ तिच्याजवळ आहे की नाही ते उद्या कळेल. रक्त आणखी उतरलं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागेल.

मी गल्लीत परत आले आणि दारं ठोठावत निघाले. मला लपवाछपवी नको होती, भांडणही नको होतं, निदान तेव्हा तरी. डॉक्टरांना सांगायला किती खाल्लं ते हवं होतं. कोपऱ्यावरच्या सूनबाई म्हणाल्या, “एक थालीपीठ, एवढंसं.” भाडेकरू म्हणाले, “भजी, पण चारच असतील, एवढीशी.” अजून एका घरानं भरिताचं बूड दिलं होतं. प्रत्येकाचं एवढंसंच. मी गणित शिकवते. एवढंसं अधिक एवढंसं अधिक एवढंसं, याची बेरीज काय येते ते दवाखान्यात टेबलावर पडलेलं होतं.

शेवटी समोर गेले. वहिनी उपवास सोडून नुकत्याच जेवून उठल्या होत्या. त्यांनी काही लपवलं नाही. नवमीला संध्याकाळी आणि दशमीला सकाळी, राहिलेला सगळा झुणका त्यांनीच तिला घातला होता. त्यात भाकर कुस्करून, वरून दही घालून, मऊ करून. “चव घेऊन घेऊन खाल्लं हो तिनं,” त्या कौतुकानं म्हणाल्या.

त्यांच्या पायाशी त्यांचा लॅब्राडोर बसला होता. मी सहज विचारलं, खरंच सहज, “आणि याला?”

“याले? नाई वो! याच्या डॉक्टरनं कांद्याची सक्त मनाई केली आहे. त्याच्या रक्ताले वाईट असते म्हणते.” मग माझा चेहरा पाहून त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, “याचं पोट नाजूक आहे ना. देशी आहे ना तुमची, तिले काय होते!”

त्यांना माहीत होतं. कांदा काय करतो, कुठे करतो, सगळं माहीत होतं. नकळत झालं असतं तर मी गिळलं असतं. मी त्यांच्याच अंगणात उभी राहून ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एवढं आठवतं की मी म्हटलं, ज्या जनावराला तुम्ही विकत घेतलं त्याला रक्त आहे आणि जे आपणहून आलं त्याच्या अंगात काय नाली वाहते? क्लासमधली पोरं गॅलरीत येऊन बघत होती. मी घरी आले आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले, रागानं.

राग नुसता वहिनींवर नव्हता. आपल्या ताटाबद्दल आपण केवढे काटेकोर! भगर चालते, भात चालत नाही. जिरं कोणाकडे चालतं, कोणाकडे नाही. यावर बायका तास-तास वाद घालतात. कांदा चार महिने आपल्या तोंडी लागू नये म्हणून एवढी खटपट, आणि तो ज्याच्या तोंडी लागायला नको त्याच्याच तोंडात रिकामा करायचा. वर म्हणायचं, मुक्या जनावराच्या मुखात पडलं. ते मुकं आहे म्हणून तर सगळं फावतं. त्याला बोलता आलं असतं तर त्यानं निरोप धाडला असता, यात अमुक नाही ना, म्हणून.

दुसऱ्या दिवशी रक्त आणखी उतरलं. डॉक्टर म्हणाले, मोठा, तब्येतीनं चांगला, लसी झालेला कुत्रा आणा, लवकर. आमच्या ओळखीत असा एकच होता आणि तो समोर राहत होता. मी जाणार नव्हते. मेले तरी जाणार नव्हते, असंही म्हटलं मी. बाबा दवाखान्याच्या बाकावर बसले होते. तीन दिवस ते चालले नव्हते, गुडघा सुजून टम्म झाला होता, फिजिओथेरपीची मुलगी फोनवर काळजीनं बोलत होती. मी म्हटलं, बाबा, थोडं तरी फिरा, या व्हरांड्यात. बाबा म्हणाले, “ते उठली तं मी उठीन. नाई तं मले काय करा लागते चालून?”

आई गेली तेव्हा त्यांचा आवाज असाच झाला होता. मी घाबरले. नवऱ्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडीची किल्ली घेऊन निघून गेला.

वहिनी स्वतः आल्या. केस न विंचरता, घरच्या साडीवर, कुत्र्याला मांडीशी धरून. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनी दोघांच्या रक्ताचे थेंब एकत्र करून पाहिले, चालेल म्हणाले. सुई टोचताना लॅब्राडोर कळवळला तेव्हा वहिनींनी त्याचं तोंड छातीशी घट्ट धरलं आणि त्या त्याला सांगत राहिल्या, “झालं राजा, झालं, तिले देऊन राह्यला ना तू, झालं.” रडत होत्या. ते पाहून माझा राग थोडा कमी व्हायला हवा होता. झाला नाही. उलट वाटलं, ही बाई इतकं करू शकते, तर मग एक शब्द का लक्षात ठेवू शकली नाही?

ती वाचली. हळूहळू, म्हणजे फार हळू. आधी डोळे उघडले, मग शेपूट एकदा फरशीवर आपटलं. हिरड्यांत रंग आला तेव्हा बाबा म्हणाले, “आता काय म्हणाचं हिले, देशी का विलायती?” डॉक्टर हसले. घरी आणल्यावर काही दिवसांनी तिनं पट्टा उचलला, तो दारातच पडला, तिनं पुन्हा उचलला. बाबा उठले. फाटकापर्यंत गेले, फाटक धरून उभे राहिले, परत आले. गुडघा आता पूर्ण वाकत नाही आणि वाकणारही नाही म्हणतात. पण चालतात.

त्यानंतर श्रावणात एका संध्याकाळी बाबा व्हरांड्यात खुर्चीवर होते, बाई त्यांच्या पायाशी, मी पेपर तपासत दारात बसले होते. समोरून वहिनी आल्या. नवी साडी, हातात झाकलेली वाटी, चेहरा फुललेला. दवाखान्यानंतर आम्ही बोललो नव्हतो. त्या फाटकाशी थांबून बाबांना म्हणाल्या, “मी बोलली होती, हे वाचली तं सत्यनारायण घालीन म्हणून. आज घातला. पहिला प्रसाद तिलेच.” मग माझ्याकडे पाहून घाईनं म्हणाल्या, “कांदा-लसूण काही नाई वो याच्यात! शुद्ध तुपातला शिरा आहे.”

त्यांनी झाकण काढलं आणि चिमटीत घास घेतला. बाई उठून उभी राहिली, शेपूट हलवत. शिरा चांगला टम्म फुलला होता आणि त्यात जागोजागी, सढळ हातानं घातलेली, तुपात तळून गोल झालेली किसमिस होती.

मी पेपर फेकून उठले. पण माझ्या आधी बाबा उठले. काठी न घेता. त्या गुडघ्यानं ते तिच्या आणि वहिनींच्या मध्ये जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हातांनी वाटी घेतली. कपाळाला लावली. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, तो टाकायचा नसतो, आणि तो खाली बाईला द्यायचा नव्हता. बाबांनी पहिला घास तोंडात घातला, मग दुसरा. उभ्यानं, घाईघाईनं, जणू कोणी वाटी हिसकावेल.

“अवो बाबा!” वहिनी किंचाळल्याच. “तुमाले शुगर आहे ना!”

बाबा थांबले. “आहे नं,” ते म्हणाले. “ध्यानात राह्यलं तुमच्या.” त्यांनी वाटीतली एक किसमिस उचलून त्यांच्यापुढे धरली. “याच्यानं माही साखर वाढन. तिची तं किडनीच बंद पडते. हे तिले सांगता येत नाई, म्हणून मी सांगून राह्यलो.” आणि ती किसमिस त्यांनी खाल्ली.

वहिनींच्या चिमटीतला घास तसाच होता, त्याच्यातही एक किसमिस होती. त्यांनी मूठ मिटून घेतली आणि हात पदराआड नेला. बाबा खात राहिले. मी त्यांना थांबवलं नाही. शेवटी वहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या, “मंग तिले चालते तरी काय?”

उन्हाळ्यापासून इतक्या वाट्या आमच्या फाटकाशी आल्या होत्या, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. टपरीवाल्यानं नाही, भाडेकरूंनी नाही, कोपऱ्यावरच्या घरानं नाही, आणि ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनीही नाही. माणसाच्या ताटाबाबतीत जो प्रश्न आमच्या गल्लीत रोज, न चुकता विचारला जातो, तो हाच. तो तिच्या वाट्याला यायला तिचं रक्त फुटावं लागलं, आणि माझ्या म्हाताऱ्या बापाला दारात उभं राहून शिरा गिळावा लागला. माझा संताप त्या क्षणी कांदेनवमीपेक्षाही जास्त होता, कारण उत्तर इतकं सोपं होतं.

बाबांनी वाटी बोटानं पुसून घेतली, एक कणही ठेवला नाही, आणि ती वहिनींच्या हातात दिली.

“साधी पोयी,” ते म्हणाले. “शेवटची, लहानशी. वरून काही लावू नका.”